‘त्या लोकांची मानसिकता’: टेक्ससमधल्या मराठी डॉक्टरांना खुलं पत्र

टेक्ससमधल्या मराठी डॉक्टरांना आणि दवाखान्यांच्या संचालक मंडळांवर बसणाऱ्या मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी नर्स आहे. मूळची कराडजवळच्या एका गावातली. गेली अकरा वर्षं टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात काम करते. आमच्या हिडाल्गो काउंटीत शंभरातली नव्वदहून जास्त माणसं हिस्पॅनिक आहेत, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घराण्यांतली, बहुतेक मेक्सिकन वंशाची. कुणाच्या पाच पिढ्या इथे गेल्या, कुणी काल-परवा आलेलं. स्पॅनिश मी पेशंटच्या खाटेशेजारी उभी राहून शिकले.

माझ्या दवाखान्याच्या संचालकांना मी इंग्रजीत रीतसर अर्ज दिला आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या वाक्यामुळे मला झोप लागत नाही ते वाक्य मी मराठीत ऐकलं.

झालं ते असं. आमच्या दवाखान्यात दोन प्रमोतोरा होत्या. प्रमोतोरा म्हणजे त्याच वस्तीत राहणारी, त्याच भाषेत बोलणारी, घरोघर जाऊन आरोग्याचं सांगणारी बाई. आपल्याकडच्या आशाताईंसारखी. टेक्ससमध्ये या कामाचं राज्याचं प्रमाणपत्र असतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी या दोघी वस्त्यांमध्ये जायच्या, संडास तपासणीची किट द्यायच्या, ती परत आणायच्या. जूनमध्ये त्यांच्या पगाराचं अनुदान संपलं आणि मंडळाने दोन्ही जागा रद्द केल्या. यापुढे पेशंटच्या फोनवर आपोआप संदेश जाणार. दिलेलं कारण असं, की या समाजाचा प्रतिसादच कमी आहे. गणपतीत एका घरी प्रसादाला जमलो होतो. तिथे मी हा विषय काढला, तर जेवता जेवता एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “तुम्ही उगाच जीव टाकता. त्या लोकांची मानसिकताच तशी आहे.” आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. मीही त्या वेळी गप्प बसले. म्हणून आता लिहिते आहे.

माझ्या बाबांपासून सुरुवात करते, कारण ‘मानसिकता’ हा शब्द ऐकला की मला तेच दिसतात.

बाबा साठीचे होते. संडासवाटे रक्त जात होतं, ते त्यांनी दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही, मी नर्स होते तरी मला सांगितलं नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज’ अशी पाटी असते ना, तसल्या एका ठिकाणाहून ते गुपचूप पुड्या आणत होते. आईच्या लक्षात आलं ते एका गोष्टीवरून. ज्या माणसाने जन्मात कधी रुमाल धुतला नव्हता तो पहाटे उठून स्वतःचा लेंगा धुवायला लागला होता. दुर्बीण घालून तपासणी झाली तोवर गाठ यकृतापर्यंत गेली होती. अकरा महिन्यांत बाबा गेले. शेवटी शेवटी मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?” ते म्हणाले, “लेकीला काय सांगायचं असलं?”

खोऱ्यात आल्यावर पहिल्याच वर्षी मला ‘वेर्ग्वेन्सा’ हा शब्द कळला. लाज. आणि ‘आल्मोर्रानास’ कळला, मूळव्याध. साठीचे पुरुष मान खाली घालून तेच सांगत होते: मूळव्याध आहे, तिखट जास्त झालं, उन्हात ट्रक चालवतो म्हणून होतं. दुखत नाही ना, मग काही नाही. आपल्या गावात बसल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनो, हा आजार तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणता. तरी हे पत्र डॉक्टर नसलेलेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या कोंबापासून, पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. एवढा अवधी देणारे कॅन्सर फार थोडे. त्या काळात कोंब सापडला तर तो काढून टाकता येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच थांबतो. आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातले नव्वद पेशंट हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडला तर पंधराच्या आसपास. अमेरिकेत स्त्री-पुरुष मिळून कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत याचा दुसरा नंबर आहे. २०२१ पासून इथे तपासणीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं आहे. दुर्बीण दहा वर्षांतून एकदा, किंवा ‘फिट’ नावाची संडास तपासणी दरवर्षी. फिट घरीच करायची असते: काडीने थोडा नमुना घ्यायचा, छोट्या बाटलीत टाकायचा, पाठवून द्यायचा. पथ्य नाही, जुलाबाचं औषध नाही.

हिस्पॅनिक माणसं ही तपासणी गोऱ्यांपेक्षा कमी करतात, ही गोष्ट खरी आहे. वर्षानुवर्षांचे आकडे तेच सांगतात. मी ते नाकारत नाही. पण त्या आकड्यांतून तुम्ही जो अर्थ काढता तो मला मान्य नाही.

या समाजाबद्दलच्या लेखांमध्ये ‘फातालिस्मो’ हा शब्द फार येतो. दैवावर हवाला ठेवणं. आमच्याकडच्या बायका ‘प्रिमेरो दिओस’ म्हणतात, म्हणजे आधी देव, देवाच्या मनात असेल तसं. हे ऐकलं की काही डॉक्टर फाईल बंद करतात. माझी आत्याही प्रत्येक वाक्याला ‘पांडुरंगाच्या मनात असेल तसं’ म्हणते, आणि म्हणून ती भांगलणीला जायची थांबली आहे असं मी पाहिलेलं नाही. ‘प्रिमेरो दिओस’ म्हणणाऱ्या बाईच्या हातात किट दिलं, आणि देणारी तिच्या ओळखीची असली, तर ती दुसऱ्या दिवशी बाटली आणून देते. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे.

पुरुषांचं थोडं वेगळं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूने नळी घालायची, ही कल्पनाच कित्येकांना पुरुषपणावरचा घाला वाटते. शेजारी काय म्हणतील, भाऊ हसतील. मला मनापासून सांगा, आपल्या घरातल्या किती काकांनी, मामांनी, सासऱ्यांनी ही तपासणी आनंदाने करून घेतली? भारतात तर सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतं, आतडं येतच नाही. आपल्या माणसांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. ज्यांना विचारलाच नाही त्यांची मानसिकता चांगली, आणि ज्यांना परक्या भाषेत, घाईत, अर्धवट विचारला त्यांची वाईट, हा कुठला न्याय?

आता माझ्या तक्रारी. सगळ्या मी स्वतः पाहिलेल्या आहेत.

पहिली भाषेची. एका दुपारी एक फरशी बसवणारे गृहस्थ आले, पन्नाशीचे. दुभाष्या नव्हता. बारा वर्षांची मुलगी सोबत होती, तिलाच मध्ये उभं केलं. डॉक्टरांनी विचारलं, संडासला रक्त जातं का? मुलीने कान लाल होईपर्यंत शब्द शोधले आणि बापाला विचारलं. बाप म्हणाला, नाही. फाईलवर ‘नाही’ लिहिलं गेलं. दहा दिवसांनी प्रमोतोरा त्यांच्या घरी गेली. तिने त्यांना काहीच विचारलं नाही. बायकोला विचारलं, “घरात कपडे कोण धुतं?” बायको म्हणाली, माझे नि मुलांचे मी धुते, यांचे हे आता स्वतःच धुतात, ईस्टरच्या आधीपासून. हे प्रमोतोराने मला सांगितलं तेव्हा मी औषधांच्या खोलीत जाऊन बराच वेळ उभी राहिले. आपल्या कुठल्याही छापील फॉर्मवर हा प्रश्न नाही. हा प्रश्न ज्या बाईला सुचतो तिची जागा तुम्ही रद्द केलीत.

लहान मुलांना दुभाषी करू नये, हे कायद्यात आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याच्या १५५७ कलमाखालच्या नियमांत आणीबाणी सोडून त्याला मनाई आहे. इंग्रजी न येणाऱ्यांना भाषेची मदत द्यावी असा २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला, पण १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि हे कलम जागेवर आहेत. दुभाष्याचा खर्च वाचवायला आता निमित्त मिळालं, असं कुणी समजू नये.

दुसरी तक्रार तुमच्यातल्या पोटविकार तज्ज्ञांबद्दल आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो आहे, कारण तुमच्यातल्या काहींनी माझ्या पेशंटचे जीव वाचवले आहेत. तुम्ही फक्त दुर्बीणच सुचवता. तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी, बाकी सगळं कमअस्सल, असा सूर असतो. पण तुमच्या एका कोलोनोस्कोपीसाठी माझ्या पेशंटला काय करावं लागतं ते पाहा. आदल्या दिवशी उपास आणि जुलाबाचं औषध, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसऱ्या दिवशी भूल, म्हणजे तोही दिवस गेला. घरी न्यायला गाडी चालवणारं ओळखीचं माणूस पाहिजे, एकट्याने टॅक्सीने जाऊ देत नाहीत; म्हणजे त्या माणसाचीही मजुरी बुडाली. विमा नसेल तर हजारो डॉलरचं बिल. विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त टेक्ससमध्ये आहे आणि मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार राज्याने आजवर स्वीकारलेला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंट सगळ्या वंशांचे होते, लॅटिनो म्हणजे हिस्पॅनिकही बरेच. ज्यांना फक्त कोलोनोस्कोपी सुचवली त्यांतल्या ३८ टक्क्यांनी तपासणी केली. ज्यांना संडास तपासणी सुचवली त्यांतल्या ६७ टक्क्यांनी, आणि ज्यांना दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं त्यांतल्या ६९ टक्क्यांनी. माणसं त्याच शहरातली, त्याच दवाखान्यांतली. फरक फक्त समोर काय ठेवलं याचा होता.

आणि एल पासो तर आपल्याच राज्यात आहे, तेही सीमेवरचं गाव, तिथेही मेक्सिकन वस्ती. तिथे विमा नसलेल्या लोकांसाठी प्रमोतोरांनी स्वतः बसून समजावलं, दोन्ही भाषांत फिल्म दाखवली, किट फुकट हातात दिलं. या कामाचा अहवाल २०१६ मध्ये आला. ज्यांच्यापर्यंत ते पोचले त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांनी तपासणी पूर्ण केली. ज्यांच्यापर्यंत पोचले नाहीत त्यांच्यात हे प्रमाण वीसच्याही खाली राहिलं. पैसे कुठून आले? २००७ मध्ये टेक्ससच्या मतदारांनी तीन अब्ज डॉलर मंजूर करून जी कॅन्सर प्रतिबंध आणि संशोधन संस्था उभी केली तिच्याकडून. २०१९ मध्ये मतदारांनी तेवढेच पुन्हा दिले. म्हणजे पैसा आहे, पद्धत माहीत आहे, पद्धत चालते हेही माहीत आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीत यातलं काय वाचलं गेलं? मी विचारलं. उत्तर आलं नाही.

तिसरी गोष्ट भीतीची. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यपालांनी आदेश काढला आणि १ नोव्हेंबरपासून इस्पितळांना पेशंटचा नागरिकत्वाचा दर्जा विचारणं भाग पडलं. उत्तर न देण्याची मुभा आहे. आणि उत्तर काहीही असलं तरी उपचारांवर परिणाम होत नाही, असं पेशंटला सांगणंही त्याच आदेशात आहे. इस्पितळात दुर्बिणीसाठी पाठवलेल्या माझ्या पेशंटना हा दुसरा भाग कुणी नीट स्पॅनिशमध्ये सांगितल्याचं मी ऐकलं नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने, शाळा, चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनच्या धाडी टाळण्याचं केंद्राचं जुनं धोरणही गेलं. आणि खोऱ्याबाहेर जायचं तर सत्तर मैलांवर फाल्फुरियासची इमिग्रेशन चौकी आहे. कागद नसलेला माणूस ती ओलांडून सॅन अँटोनियोला जाऊ शकत नाही. आमच्या काउंटीत करांवर चालणारं सरकारी इस्पितळ नाही. फिट पॉझिटिव्ह आली आणि इथल्या इथे दुर्बीण मिळाली नाही, तर त्या माणसाने कुठे जायचं? अशी एक बाई माझ्याकडे सात महिने फेऱ्या मारत होती. दर वेळी विचारायची, “मिहा, काही झालं का?” मिहा म्हणजे माझी पोरी. सात महिने मी तिला काहीही उत्तर देऊ शकले नाही.

पॉझिटिव्ह आल्यावर किती थांबलं तर चालतं, याचा कॅलिफोर्नियातल्या सत्तर हजार पेशंटवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये आला. दहा महिन्यांपलीकडे गेलं की कॅन्सर सापडण्याचा आणि तो पुढच्या टप्प्यात असण्याचा धोका वाढतो. त्या बाईचे सात महिने असेच गेले होते.

आणखी एक बारीक गोष्ट. किटसोबतच्या कागदावर ‘हेसेस फेकालेस’ असं लिहिलेलं असतं. चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाला हा शब्द किती परका, हे पाहायचं तर आपल्या गावच्या मावशीला ‘मलनमुना संकलन’ वाचायला द्या. घरात सगळे ‘पोपो’ म्हणतात. प्रमोतोरा ‘पोपो’ म्हणायच्या, पेशंट हसायचे, लाज निम्मी कमी व्हायची. फोनवरच्या आपोआप संदेशात पुन्हा ‘हेसेस फेकालेस’ आलं आहे.

आणि पेशंट ‘सी, डॉक्टर’ म्हणून मान हलवतो तेव्हा त्याला पटलं असं धरू नका. मोठ्या माणसापुढे, शिकलेल्या माणसापुढे उलट विचारायचं नाही, या वळणात तो वाढला आहे. आपणही त्याच वळणात वाढलो. बाबाही ‘हो हो साहेब’ म्हणून दवाखान्यातून बाहेर पडायचे आणि चिठ्ठी खिशातच राहायची.

मी मागते आहे ते एवढं.

दोन्ही प्रमोतोरांना परत घ्या, आणि त्यांचा पगार दवाखान्याच्या कायम अंदाजपत्रकात घाला. अनुदान आलं की माणसं ठेवायची, संपलं की काढायची, याने वस्तीतला विश्वास दर वेळी मुळापासून तुटतो.

पंचेचाळीसच्या पुढच्या प्रत्येक पेशंटला त्याच भेटीत फिट आणि कोलोनोस्कोपी दोन्ही सांगा, आणि फिट निवडली तर किट तिथेच हातात द्या. आई, वडील किंवा भावंडांत कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चाळिसाव्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा, दुर्बीणच हवी. हे विचारायलाही भाषा लागते.

इंग्रजी न येणाऱ्या कुणालाही दुभाष्याशिवाय असले प्रश्न विचारू नका. मुलांना खोलीबाहेर बसवा.

ज्यांची स्वतःची एंडोस्कोपी सेंटर आहेत त्या मराठी डॉक्टरांना हात जोडून विनंती: फिट पॉझिटिव्ह आलेल्या, विमा नसलेल्या पेशंटसाठी महिन्याला दोन जागा राखून ठेवा, शक्य तर शनिवारी. खोऱ्यात आपण पाच-सहा जण जरी तयार झालात तरी माझ्याकडची सध्याची यादी चार महिन्यांत संपते. पेशंटला आणायचं आणि घरी सोडायचं काम मी करीन. इथल्या मराठी मंडळातल्या तिघी-चौघींनी गाडीसह यायचं कबूल केलं आहे.

इस्पितळाच्या दारात नागरिकत्वाच्या प्रश्नाबद्दलचा खरा नियम, उत्तर न देण्याच्या मुभेसकट, मोठ्या अक्षरांत साध्या स्पॅनिशमध्ये लावा.

आणि ‘ते लोक’ म्हणणं थांबवा. त्या दिवशी प्रसादाच्या पंगतीत वाढणारी बाई मेक्सिकन होती. तिला मराठी कळत नाही, पण आपण कुणाबद्दल बोलतो आहोत हे तिला कळलं होतं. मी तिचा चेहरा पाहिला.

ज्या डॉक्टरांनी ते वाक्य उच्चारलं त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही आणि विचारलं तरी सांगणार नाही. ते चांगले डॉक्टर आहेत, आणि त्यांनी हे पत्र वाचून मला फोन केला तर मला आनंद होईल.

काढलेल्या दोघींपैकी एक आता किराणा दुकानात कॅशवर बसते. मागच्या आठवड्यात दूध घ्यायला गेले तेव्हा सुटे पैसे परत देता देता ती म्हणाली, “अकरा घरं अशी आहेत जिथे मी ऑक्टोबरमध्ये किट घेऊन येते म्हणून सांगितलं होतं. ते वाट बघत असतील.” नावं तिने सांगितली नाहीत, सांगायचीही नसतात. औषधांच्या खोलीतल्या कपाटात एकशे चाळीस किट आहेत. त्यांची मुदत जानेवारीत संपते. मंडळाची पुढची बैठक या महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी आहे. त्या अकरा घरी कोण जाणार, एवढं त्या दिवशी ठरवून मला कळवा.

आपली नम्र,
रिओ ग्रान्दे खोऱ्यातली एक मराठी नर्स